पागेचं दार मी अडवलं

अन्याय दोघांवर झाला. आधी त्या गावावर, जे भिंडच्या बाजूला नदीच्या पुरानं वेढलं गेलं होतं आणि ज्याच्या विहिरींत मेलेली गुरं तरंगत होती. मग आमच्या ग्वाल्हेरच्या सरकारी औषधकोठाराच्या स्टोअरकीपर काकांवर. कधी, तेही सांगते, कारण ‘काहीसा विलंब झाला’ असं गुळमुळीत लिहिणाऱ्या कागदांचा मला वीट आला आहे. मध्य भारत राज्याच्या शेवटच्या पावसाळ्यात, सोमवारी सकाळी साडेदहापासून बुधवारी दुपारी एकपर्यंत. तेवढा वेळ औषधं कोठारात होती, ट्रक दाराशी होता आणि कुलूप बंद होतं. ते कुणी बंद ठेवलं? ‘सरकारनं’ असं लिहायला हात शिवशिवतो. सवयच आहे हाताला. पण दारात मी उभी होते.

कोठार म्हणजे किला गेटाजवळची जुनी पागा. घोडे केव्हाच गेले होते, भिंतीतल्या लोखंडी कड्या तेवढ्या राहिल्या होत्या. त्या कड्यांना काका मलमपट्टीच्या गाठोड्यांच्या दोऱ्या बांधत. काकांच्या घराण्यातले लोक पूर्वी फौजेत होते. त्यांच्यापर्यंत येता येता तलवारीची किल्ली झाली, असं ते स्वतःच हसून सांगायचे. संस्थान होतं तेव्हापासून ते या कोठारावर. संस्थान विलीन झालं, मध्य भारत आला, दारावरची पाटी बदलली, तरी काका तेच आणि किल्ल्यांचा जुडगाही तोच.

आणि त्यांची पद्धतही तीच. कुणा बड्या घरचा माणूस यायचा, ‘साहेबांनी सांगितलंय’ म्हणायचा, काका कुलूप उघडायचे, माल द्यायचे आणि वहीत लिहायचे, ‘तोंडी हुकूम. कागद मागाहून.’ कागद कधी यायचा, कधी नाही. दरबारच्या काळात याला चोरी कुणी म्हणत नसे. याला रीत म्हणत.

मी चोरी म्हटलं. आमच्या गल्लीत धुणं करणाऱ्या बाईबरोबर मी एकदा दवाखान्याच्या रांगेत उभी होते. तिला थंडी वाजून ताप भरला होता. खिडकीतून सांगितलं, ‘कुनैन संपलं.’ त्याच दिवशी एका सरदारघरचा नोकर टोपलीभर बाटल्या घेऊन टांग्यात बसताना मी पाहिला. शाळेत शिकवून घरी आले आणि एका बैठकीत पत्रक लिहिलं. मथळा होता, ‘कागद आधी!’ दाना ओलीतल्या एका छापखान्यात ते छापलं आणि दारोदार फिरून सह्या घेतल्या. तुमच्यापैकी पुष्कळांनी उंबऱ्यात उभं राहून सही केली. कुणी वाचून केली, कुणी ‘अगं, तू आणलंयस ना, मग ठीकच असेल’ म्हणून केली.

पत्रकाचा उपयोग झाला. इतक्या वर्षांत कुठल्याही पत्रकाचा झाला नसेल इतका झाला. नियम निघाला. कोठारातून काहीही बाहेर काढायचं तर दोन सह्या हव्यात, एक स्टोअरकीपरची आणि दुसरी खात्याच्या साहेबांची. दोन्ही झाल्याशिवाय कुलूप निघणार नाही. नियमाची प्रत पागेच्या दारावर चिकटवली गेली, त्या दिवशी मी मुद्दाम वाट वाकडी करून ती बघायला गेले. काका आतून म्हणाले, “या पत्रकवाल्या बाई! नीट चिकटलाय का बघा. खळ मीच लावलीय.”

पत्रक मी हिवाळ्यात लिहिलं होतं.

हे वाक्य लिहायला मला फार वेळ लागला. आपल्या मध्य भारताला राजधान्या दोन होत्या, हे शाळेतली पोरंही घोकत. हिवाळ्यात सरकार ग्वाल्हेरला, उन्हाळा लागला की इंदूरला, आणि पाऊस संपेपर्यंत तिकडेच. दरवर्षी फायलींच्या पेट्या हातगाड्यांवर लादून स्टेशनकडे निघायच्या आणि वाटेतल्या पडाव भागातले टांगेवाले ओरडायचे, “हटो भई, सरकार जा रही है!” आम्ही हसायचो. पण पत्रक लिहिताना साहेब शहरात होते, पागेपासून टांग्यानं थोड्या वेळाच्या अंतरावर. मला वाटलं, दुसरी सही म्हणजे एवढंसं काम. ती सही उन्हाळ्यात फायलींबरोबर गाडीत बसून इंदूरला जाईल, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. सह्या करणाऱ्या तुमच्याही आलं नाही. आपण ग्वाल्हेरच्या लष्कर भागातले मराठी लोक, पिढ्यान्‌पिढ्या दफ्तरात वाढलेले. कागद म्हटला की आपल्याला तो नेहमी हाताशीच असतो असं वाटतं.

पूर आला तेव्हा शहरात मदत समिती उभी राहिली आणि सामान पोचवण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. मला याद्या करता येतात आणि लोकांवर ओरडता येतं, एवढीच पात्रता. कपडे, फुटाणे, रॉकेलचे डबे एका घरी गोळा करायचे, पडावावरून ट्रक ठरवायचा, कुठला रस्ता शाबूत आहे ते येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचं. भिंडची छोटी गाडी बंद होती. रूळ पाण्याखाली होते.

त्या सोमवारी सकाळी ट्रक घेऊन मी पागेशी गेले. ट्रकमध्ये भुशात गुंडाळलेला बर्फ होता, कॉलऱ्याच्या लशीसाठी. ब्लीचिंग पावडर आणि लस हवी असा अर्ज मी तीन दिवस आधीच खात्याच्या रिकाम्या ऑफिसात दिला होता आणि तो मंजूर होऊन आला असेल अशा भाबड्या समजुतीत होते. अर्ज आला नव्हता. आला होता तो एक कंपाउंडर.

पस्तिशीचा माणूस, गुडघ्यापर्यंत चिखल वाळलेला, काखेत पिशवी. पुरानं वेढलेल्या गावातल्या सरकारी दवाखान्याचा कंपाउंडर. डॉक्टर तिथे नव्हताच, तोच सगळं. होडीनं नदी पार करून, मग पायी, मग एका दुधाच्या गाडीतून तो आला होता. काकांच्या टेबलावर त्यानं यादी ठेवली. सलाइन, सुया, ब्लीचिंग पावडर, लस.

“दो दिन से उल्टी-दस्त शुरू है,” तो म्हणाला. “स्कूल में लिटाए हैं सबको. हमारी भौजी पानी उबाल-उबालकर पिला रही हैं, नमक-शक्कर डालके. लकड़ी सूखी है तब तक.”

काकांनी यादी वाचली, चष्मा काढला आणि किल्ल्यांकडे हात नेला. “चला. कागद मागाहून बघू.”

त्याच वेळी यादीखालून एक जाड कागद सरकला. वर सोनेरी ठसा, एका जुन्या जागीरदार घराण्याचा. तो मी ओळखला. अशाच ठशाच्या चिठ्ठ्यांवर माझं अर्धं पत्रक उभं होतं.

मी उठले आणि दारात जाऊन उभी राहिले. अक्षरशः. दोन्ही हात चौकटीला.

“काका, हे नाही चालणार.”

“काय नाही चालणार?”

“परत तेच. बड्या घरची चिठ्ठी, तोंडी हुकूम, कागद मागाहून. आपण नियम केलाय ना? कागद आधी.”

“अगं पोरी, तिकडे माणसं ओकतायत.”

“ओकतायत म्हणून तर. अशाच वेळी माल गढीवर जातो आणि गावात पोचत नाही. दरवेळी हेच कारण असतं, काका. दरवेळी घाईच असते. आज उघडलंत तर उद्या कोण थांबवेल? मी तार करते इंदूरला. संध्याकाळपर्यंत उत्तर येईल.”

कंपाउंडरला मराठी कळत नव्हतं, पण दार अडवलेलं कळत होतं. तो म्हणाला, “बहनजी, वो चिट्ठी तो बस...”

“मुझे मालूम है वो चिट्ठी क्या है,” मी म्हणाले. मला तेव्हा स्वतःचा आवाज फार आवडला होता, हेही लिहून टाकते.

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग दारावरच्या नियमाकडे. किल्ल्या टेबलावर ठेवल्या. “करा तार.”

तार केली. ट्रंक कॉलचा प्रयत्न केला, तर पावसानं लाइन पडलेली. संध्याकाळी उत्तर आलं नाही. ट्रकमधून बर्फाचं पाणी ठिबकून पागेच्या फरशीपर्यंत ओघळ आला होता. ड्रायव्हर म्हणाला, “मैडम, बरफ तो गया. दूसरा लाऊँ कि पहले दस्तखत लाओगी?” कंपाउंडर ओसरीवर भिंतीतल्या कडीला पाठ टेकून बसला होता. त्याला काकांनी घरून डबा मागवून दिला. मी दिला नाही. मला सुचलं नाही.

मंगळवारी दुपारी इंदूरहून तार आली. विहित नमुन्यात, तीन प्रतींत मागणी पाठवावी, सहीसाठी सादर करण्यात येईल. पोस्टानं. रेल्वेनं गेलं तरी जायला एक दिवस, यायला एक दिवस. मी पुन्हा तार केली. कडक भाषेत. कडक भाषा मला येते.

घरी जेवायला गेले तेव्हा आई पोळ्या लाटत होती. मी रागारागानं सगळं सांगितलं: साहेब, इंदूर, तीन प्रती. ती ऐकत होती. पोळी उलटून म्हणाली, “मी माहेरी जाते तेव्हा कोठीची किल्ली तुझ्या आत्याकडे देऊन जाते. तुमचं सरकार किल्ली कमरेला लावून माहेरी जातं होय?”

“किल्ली काकांकडेच आहे. सही इंदूरला आहे.”

“मग किल्लीचं काय करायचं? दात कोरायचे?” आणि पुढची पोळी लाटायला घेत, “हा नियम केला कुणी गं?”

मी ताट तसंच सारून उठले. आईवर रागावून. खरं तर मला तेव्हाच सगळं कळलं होतं. कळलं, तरी मी पागेत जाऊन ‘काका, उघडा’ म्हटलं नाही. मंगळवारची दुपार, संध्याकाळ आणि बुधवारची सकाळ मी दुसऱ्या तारेच्या उत्तराची वाट बघण्यात घालवली. उत्तर यावं असं वाटत होतं ते गावासाठी कमी आणि माझं बरोबर ठरावं म्हणून जास्त.

बुधवारी दुपारी कंपाउंडर उठला. पिशवी काखेत घेतली, काकांना हात जोडले.

“बाबूजी, मैं चलता हूँ. दवा नहीं तो न सही. पानी तो उबाल ही लूँगा.”

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते. तो खरोखरच पायऱ्या उतरायला लागला, आणि मी म्हणाले, “काका, उघडा.”

काकांनी विचारलं, “आणि कागद?” टोमणा नव्हता तो. ते खरंच विचारत होते.

“मागाहून,” मी म्हणाले.

पंधरा मिनिटांत ट्रक भरला. पंधरा मिनिटं! काका आणि कंपाउंडर खोकी काढत होते, ड्रायव्हर लावत होता, मी नवा बर्फ आणायला पडावाला पळाले आणि परत आले. निघताना काकांनी वही पुढे केली. त्यांची सही झालेली होती. दुसऱ्या सहीची जागा रिकामी.

“इथे साक्षीदार म्हणून तुझं नाव घाल,” ते म्हणाले. “म्हणजे विचारलं तर दोघं आहोत.”

मी लेखणी हातात घेतली. आणि मनात आलं: ‘कागद आधी’ लिहिणारीचं नाव ‘कागद मागाहून’च्या खाली? उद्या कुणी ते पान दाखवलं तर? मी लेखणी परत ठेवली. म्हणाले, “काका, मी सरकारी माणूस नाही, माझ्या सहीला काय किंमत? ट्रकला उशीर होतोय.” आणि ट्रकमध्ये चढले.

उशीर होतोय, मी म्हणाले. मी!

नदीच्या घाटावर पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. तिथे एक मोठी होडी बांधलेली होती, वर ताडपत्री, दोन नावाडी. ती जागीरदारांची होडी. सोमवारपासून ती आमच्यासाठी, म्हणजे औषधांसाठी, थांबून होती. नावाड्यांनी खोकी घेतली.

गावातली शाळा टेकाडावर होती. व्हरांड्यात माणसं आडवी होती, काही उठून बसलेली. वास होता. चूल विझलेली होती आणि तिच्याशेजारी ओली लाकडं रचून ठेवली होती, वाळतील या आशेनं. कंपाउंडरनं आत जाऊन कुणाला तरी काही विचारलं. एका म्हातारीनं हातानं नदीकडे दाखवलं. त्याची भौजी, म्हणजे भावजय, मंगळवारी सूर्य बुडताना गेली होती. लाकूड संपल्यावर उकळलेलं पाणी ती फक्त आजाऱ्यांना देत होती. स्वतः साधंच पीत होती.

 तो बाहेर आला, सलाइनचं खोकं फोडायला लागला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “कैंची दीजिए.”

मी कात्री दिली. बाटल्या टांगायला दोऱ्या बांधल्या, विहिरीत पावडर टाकणाऱ्यांबरोबर गेले, लशीची यादी केली. सगळं बिनचूक. तेवढं येतं मला. दुसऱ्या दिवशी दुपारी सामान आवरताना त्याच्या पिशवीतून तो सोनेरी ठशाचा कागद पडला. मी उचलला. तो म्हणाला, “आपने पढ़ी नहीं थी न. पढ़ लीजिए.”

चार ओळी होत्या. हा माणूस सरकारी दवाखान्याचा कंपाउंडर आहे, त्याला ओळख म्हणून हे पत्र देत आहोत. औषधं नेण्यासाठी आमची होडी घाटावर उभी ठेवली आहे. आमच्यासाठी काही नको. खाली सही.

गावभर ‘कागद आधी’ म्हणत फिरणारीनं कागद वाचला नव्हता. ठसा पाहिला होता.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते तुम्हाला अर्धवट माहीत आहे आणि अर्धवट माहिती तुम्ही पसरवतही आहात. पावसाळा संपला, राज्यांची पुनर्रचना झाली, मध्य भारत बुडाला, मध्य प्रदेश आला. कोणत्या नोकराला नव्या राज्यात कुठे घ्यायचं याच्या याद्या निघाल्या. काकांच्या नावापुढे शेरा पडला: ‘दुसऱ्या सहीविना कोठार उघडले. चौकशी प्रलंबित.’ नवी जागा नाही, जुनी राहिली नाही. पागेच्या किल्ल्या त्यांनी एका कारकुनाच्या हातात दिल्या.

मी चौकशीच्या ऑफिसात गेले. म्हटलं, मला जबानी द्यायची आहे, कुलूप उघडा असं मीच सांगितलं होतं. तिथले हेडक्लार्क आपल्यातलेच, पान खाणारे, आमच्या घरी हळदीकुंकवाला त्यांची पत्नी येते. त्यांनी वहीचं पान दाखवलं.

“इथे तुमचं नाव कुठाय?”

“नाही. घालायला हवं होतं.”

“मग तुम्ही तिथे होतात याला पुरावा काय? आणि जबानी कशाला देताय बाई, तुमचं म्हणणं फायलीत आहेच की.” त्यांनी पानं उलटली आणि माझं पत्रक काढून दाखवलं, नीट टाचलेलं. “छान लिहिलंय. ‘अशा स्टोअरकीपरांना घरी बसवा.’ हे वाक्य तर साहेबांनी लाल पेन्सिलीनं अधोरेखित केलंय.”

मी ते वाक्य लिहिलं होतं. कुणाचा चेहरा डोळ्यांसमोर न ठेवता. पत्रकात चेहरे नसतात, तिथे नुसती अनेकवचनं असतात.

त्यानंतर काकांकडे गेले. ते जिन्याखाली सायकल पुसत होते. मी क्षमा मागितली, खूप बोलले, जसं मी बोलते तसं. त्यांनी फडकं पिळलं.

“मला तुला त्या दारातून बाजूला करता आलं असतं,” ते म्हणाले. “तू केवढी, मी केवढा. केलं नाही. तुझ्या पत्रकाची भीती वाटली मला. माझं नाव छापशील म्हणून.” मग सायकलचं चाक फिरवून बघत म्हणाले, “ती बाई... त्या कंपाउंडरची भावजय. लहान होती का गं वयानं?”

मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

आता ग्वाल्हेरच्या फायली भोपाळला चालल्या आहेत. या वेळी सहा महिन्यांसाठी नाही, कायमच्या. काकांची फाइल त्यांत आहे. एकदा ती पेटीत बंद झाली की शेरा दगडावरची रेघ होईल. आणि पागेच्या दारावरचा नियम जसाच्या तसा आहे. फरक एवढाच की दुसरी सही आता बारा महिने शहराबाहेर राहील. पुढच्या पावसात पुन्हा कुणीतरी पायऱ्यांवर बसेल.

म्हणून या रविवारी मी पुन्हा तुमच्या दारात येणार आहे. दाना ओलीत, किला गेटाशी, पडावावर, जिथे जिथे मागच्या वेळी आले होते त्याच घरी. हातात एक कागद असेल. त्यावर दोन मागण्या आहेत. काकांच्या नावापुढचा शेरा काढा, कारण तेवढा वेळ कुलूप बंद राहिलं ते आमच्यामुळे. आणि कोठार उघडण्याचा अधिकार असलेला एक माणूस याच शहरात ठेवा, रात्रंदिवस, बाराही महिने. खाली पहिली सही माझी आहे. ती या वेळी मी आधी केली आहे.

दार उघडा. माझ्याकडे बघून, माझ्या आईची ओळख आहे म्हणून, पटकन सही करून मला वाटेला लावू नका. कागद हातात घ्या, उजेडात या, शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. मागच्या कागदावर तुमचं नाव आहे, ते मला पुसता येणार नाही. वाचून झालं की सही करा.